बाबांच्या जबड्याचं हाड उघडं पडलंय, ऑक्सिजनच्या टाकीत बसवावं का?

वावरवाला
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे तुरीवरची अळी नाहीतर विहिरीचं अनुदान असलंच विचारतो. आजचा विषय वेगळा आहे आणि जरा लांबेल.

आम्ही आर्वी तालुक्यातले. बाबांचं वय ६३, तीस वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखू). चार वर्षांपूर्वी गालात, खालच्या जबड्याला लागून कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग ३३ शेक, म्हणजे रेडिएशन. त्यातून माणूस निघाला. तोंड दोन बोटं उघडतं, तिखट चालत नाही, पण सकाळी वावरात जायचे, बैलांना शिव्या द्यायचे. बरं चाललं होतं.

मागच्या दिवाळीत शेकाच्या बाजूची दाढ ठणकायला लागली. तालुक्याला एका दवाखान्यात नेलं, त्यांनी काढून टाकली. शेक झाल्याचं आम्ही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पाच महिने झाले, जखम भरत नाही. आत पिवळसर हाड दिसतं, जिभेला खरखरीत लागतं म्हणतात. वास येतो. आई काही बोलत नाही, पण बाबाच आता ओसरीत वेगळे झोपतात.

नागपूरला दाखवलं. शेकामुळे हाड मेलं आहे, 'ओआरएन' म्हणाले, आणि एका खाजगी सेंटरची चिठ्ठी दिली. तिथे काचेच्या नळकांड्यात झोपवून दाबाखाली ऑक्सिजन देतात. ४० बैठका, एका बैठकीचे साडेतीन हजार. म्हणजे १ लाख ४० हजार, वर दोन माणसांचं दोन महिने नागपूरला राहणं. कापसाचा चुकारा आला आहे, पण त्यावर सोसायटीचा डोळा आहे.

बाबा म्हणतात, "मले त्या डब्ब्यात कोंडू नका बाप्पा, हाड राहू द्या तसंच."

कोणी हे केलंय का? गुण येतो का? आणि एवढा ऑक्सिजन दिल्यावर जुना कॅन्सर पुन्हा जोर धरणार नाही ना?

खट्याळ वऱ्हाडी
दीड लाखात हवा विकून रायले बाप्पा! आपल्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली फुकट भेटते ते.

गंमत सोडा. काकाजी कसे आहेत? जेवण जाते का?

वावरवाला
भाताची पेज, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. भाकर सुटली.

दंतकथा
मी अमरावतीकडे दातांचा डॉक्टर. आधी एक सांगतो भाऊ, चूक तुमची नाही. 'शेक झालाय का' हे विचारणं दात काढणाऱ्याचं काम. गळ्यावरची कातडी काळसर आणि ताठ दिसली, तोंड पुरतं उघडत नसलं, तर चिमटा उचललेला हात थांबायला हवा.

होतं ते असं. शेकाने गाठीच्या पेशी मरतात, तशा वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्याही आतून जाड होत हळूहळू बंद पडतात. लगेच नाही, त्याला महिने, वर्षं जातात. वरच्या जबड्याला रक्त चार वाटांनी येतं, खालच्याचं मात्र बरंचसं एकाच धमनीवर भागतं. म्हणून हे दुखणं बहुतेक खालच्याच जबड्याला. शेकाचा डोस 'ग्रे'त मोजतात, तो ६० ग्रेच्या वर गेला की धोका वाढतो. ३३ शेक म्हणजे बाबांना ६६ च्या आसपास मिळाला असावा, डिस्चार्ज कार्डावर पाहा. विहीर आटलेल्या वावरात उभी पऱ्हाटी कशीबशी तग धरते, पण ती उपटून तिथे नवं बी टाकलं तर धरत नाही. बाबांची दाढ उपटली, तेव्हा हेच झालं.

रॉबर्ट मार्क्स या अमेरिकन सर्जनने १९८३ साली हे नीट मांडलं: अशा हाडात रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, ऑक्सिजन कमी. त्याआधी याला मुख्यतः जंतूंचं दुखणं समजत. टाकीचा प्रघात या विचारानेच पक्का झाला. शेकाच्या जागचा दात काढायचाच तर आधी २० आणि नंतर १० बैठका, असं त्याचं वेळापत्रक कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं पाळलं गेलं.

आता माझा प्रश्न. त्या जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवला का? न भरणारी जखम म्हणजे ओआरएनच असेल असं नाही. तिच्याखाली कॅन्सर पुन्हा आलेला असू शकतो, आणि दोन्ही वरून सारखेच दिसतात. बायोप्सी झाल्याशिवाय टाकीचा एक रुपया भरू नका.

वावरवाला
तुकडा काढला नाही डॉक्टर. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि बोट घालून पाहिलं, एवढंच.

दंतकथा
मग पहिलं काम तेच. सेवाग्राम किंवा सावंगी तुम्हाला नागपूरपेक्षा जवळ. सावंगीला दंत महाविद्यालय आहे, तिथे जबड्याचे सर्जन भेटतील. जुनी फाईल, शेकाचं कार्ड आणि तो ओपीजी न विसरता न्या.

अकोल्याचा पाणबुड्या
नौदलातून निवृत्त आहे. या टाकीत मी स्वतः बसलो आहे, कॅन्सरसाठी नव्हे, कामासाठी. काकाजींना भीती वाटते ती डब्याची आहे, म्हणून आत काय होतं ते सांगतो.

आपल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. रक्तातला जवळपास सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनच्या पाठीवर बसून जातो, आणि धडधाकट माणसात ती बैलगाडी आधीच ९७-९८ टक्के भरलेली असते. नाकाला नुसती नळी लावून तिच्यात फारसं काही चढत नाही. पण दाब वाढवला की ऑक्सिजन सरळ रक्ताच्या पाण्यात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत गॅस कोंबतात तसा. हा नियम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ सालीच सांगून ठेवला आहे. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या बूरेमा या सर्जनने तर डुकरांच्या रक्तातल्या लाल पेशी जवळजवळ संपवून, तीन वातावरणाच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर त्यांना जिवंत ठेवून दाखवलं.

दवाखान्यात साधारण २ ते २.५ वातावरण देतात. २.४ म्हणजे पाण्याखाली १४ मीटर, ४६ फूट. तुमच्या वावरातली विहीर काठोकाठ भरली आणि तुम्ही तळाशी जाऊन बसलात, इतका दाब. दीड तास झोपून राहायचं. आठवड्यातून पाच दिवस.

त्रास होतो तो कानांना. विमानात बसतात तसे दडे बसतात, ते गिळून किंवा जांभई देऊन सोडायचे. काकाजींचं तोंड दोनच बोटं उघडतं, म्हणजे जांभई गेली, गिळण्यावरच भिस्त. हे तिथल्या माणसाला आधी सांगा, दाब सावकाश वाढवतात. तरी नाहीच जमलं तर कानाच्या पडद्यात बारीक नळी बसवतात.

दुसरी गोष्ट आग. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीला निमित्त पुरतं. १९९७ मध्ये इटलीत मिलान शहरातल्या एका दवाखान्याच्या टाकीला आग लागून ११ जण गेले. म्हणून आत सुती कपडेच. केसांना तेल नाही, मोबाईल नाही, काडीपेटी नाही. दारात कोणी झडती घेत नसेल, 'चालते हो' म्हणत असेल, तर पैसे परत मागा आणि निघा.

खट्याळ वऱ्हाडी
खिशातली खर्र्याची पन्नी पण काढून ठेवा लागन म्हणजे.

वावरवाला
खर्रा सुटला भाऊ. आता बडीशेप.

प्राणवायू
तुम्ही लोक उगाच घाबरवता. ऑक्सिजन हाच कॅन्सरचा शत्रू. जिथे ऑक्सिजन आहे तिथे कॅन्सर जगूच शकत नाही, यासाठी ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं आहे. औषध कंपन्या दडवून ठेवतात. माझ्या ओळखीत घरी आणायची कापडी टाकी मिळते, ईएमआयवर.

किरणमास्तर
शेकाच्या मशीनवर बावीस वर्षं काम केलंय, म्हणून याला उत्तर देणं भाग आहे.

वारबुर्गना नोबेल मिळालं १९३१ साली, खरं आहे. मिळालं ते पेशी श्वसन करतात तेव्हाच्या एन्झाइमच्या शोधासाठी. ऑक्सिजनने कॅन्सर बरा होतो यासाठी नाही. फुप्फुसात दिवसभर ताजा ऑक्सिजन खेळतो, तिथेही कॅन्सर होतोच की.

यात खरा धागा आहे तो वेगळा. गाठीच्या मधल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो, आणि अशा पेशी शेकाला दाद देत नाहीत. भरपूर ऑक्सिजन असलेल्या पेशींपेक्षा त्यांना मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. १९५३ मध्ये इंग्लंडात ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. आपण डोस ज्या 'ग्रे'त मोजतो ते हेच ग्रे. दोनच वर्षांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णाला टाकीत घालून वरून शेक दिला. कल्पना छान होती. पुढे तोंड-गळ्याच्या कॅन्सरमध्ये थोडा फायदाही दिसला, पण त्यासाठी मोजकेच मोठे मोठे शेक द्यायचे, बाकीच्या अवयवांना इजा जास्त, आणि रोज माणूस टाकीत घालून मशीनखाली धरायचा हा खटाटोप वेगळाच. नेहमीच्या उपचारात ते रुळलं नाही. आज टाकी कॅन्सर मारायला वापरत नाहीत, शेकाने मागे ठेवलेल्या जखमांसाठी वापरतात. औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनेही २०१३ मध्ये लोकांना बजावलं होतं की कॅन्सर बरा करायला ही पद्धत मान्य नाही.

ती कापडी टाकी १.३ वातावरणापर्यंत फुगते. इंग्लंडात या उपचाराची चाचणी झाली तेव्हा ज्यांना खोटा उपचार द्यायचा होता, त्यांना १.३ वर साधी हवा दिली होती! म्हणजे शास्त्रज्ञ ज्या दाबाला 'काहीच दिलं नाही' म्हणतात, तो दाब तुम्ही ईएमआयवर विकताय.

प्राणवायू
मी विकत नाही, फक्त माहिती दिली.

खट्याळ वऱ्हाडी
हो न, आन् नंबर इनबॉक्सात.

सुईदोरा
मी दारव्ह्याची. आमच्या आईचा अनुभव लिहिते, तिचं दुखणं वेगळं आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. शेक झाले, कॅन्सर गेला. सहा वर्षांनी लघवीतून रक्त सुरू झालं. आधी गुलाबी, मग गाठी. गाठी अडकल्या की लघवी बंद, रात्री दोनला गाडी करून यवतमाळ. वर्षभरात चार वेळा रक्त चढवलं. मूत्राशय आतून शेकाने जळलंय, म्हणाले. दुर्बिणीतून डाग दिले, पंधरा दिवस बरं, पुन्हा तेच.

शेवटी नागपूरला टाकीच्या ३० बैठका केल्या. मावसबहिणीकडे राहिलो म्हणून राहण्याचा खर्च वाचला, बाकी आईच्या पाटल्या गेल्या. पहिल्या दहा बैठकांत काहीच फरक नाही. मी तर भांडायच्या बेतात होते. सतराव्या-अठराव्यानंतर लघवी साफ दिसायला लागली. आता दोन वर्षं झाली. एकदाच, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा थोडं रक्त दिसलं.

एक गमतीची गोष्ट. पंचविसाव्या बैठकीच्या सुमारास आई चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायला लागली! घरी सगळ्यांना वाटलं, डोळेही सुधारले. डॉक्टर हसले, म्हणाले टाकीमुळे डोळ्याचा नंबर तात्पुरता सरकतो, जवळचं दिसतं, लांबचं बिघडतं. दोन महिन्यांत पुन्हा चष्मा. माझं इथलं नाव त्यावरूनच.

आईला शुगर आहे. टाकीत शुगर उतरते, म्हणून रोज आत जायच्या आधी बोट टोचून बघायचे. तुमच्या बाबांना असेल तर उपाशीपोटी नेऊ नका.

वावरवाला
ताई, वाचून धीर आला. म्हणजे करूनच टाकावं म्हणता?

किरणमास्तर
थांबा. मूत्राशय आणि जबडा एका मापाने मोजू नका.

सुईदोरा ताईंच्या आईसारख्या रुग्णांवर नॉर्डिक, म्हणजे स्वीडन-नॉर्वेकडच्या देशांतल्या पाच दवाखान्यांनी मिळून चाचणी केली. ८७ रुग्ण, ३० ते ४० बैठका, निकाल २०१९ मध्ये आला. टाकीवाल्यांना स्पष्ट आराम होता. तेव्हा ताईंचा अनुभव योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आतड्यांचं उलटं. ओटीपोटावर शेक घेतल्यावर ज्यांच्या आतड्यांचा त्रास राहिला अशा ८४ जणांवर इंग्लंडात चाचणी झाली, २०१६ मध्ये छापून आली. ४० बैठका देऊनही खऱ्या आणि खोट्या टाकीत फरक निघाला नाही. वर सांगितलेली १.३ ची गोष्ट याच चाचणीतली.

आता जबडा. २००४ मध्ये फ्रान्सच्या चाचणीत ६८ रुग्ण होते. वर्षभराने टाकीवाल्या ३१ पैकी ६ बरे झाले, खोटी टाकी मिळालेल्या ३७ पैकी १२. म्हणजे उलटच. तिच्यावर टीकाही झाली, पण आकडे हे आहेत. पुढे इंग्लंडात पाहिलं की शेकाच्या जबड्यातला दात काढताना टाकी दिली तर हाड मरणं टळतं का. २०१९ चा निकाल: टाकीवाल्यांत ६.४ टक्क्यांना त्रास झाला, बिनटाकीवाल्यांत ५.७. डेन्मार्क-हॉलंडकडच्या चाचणीत कल टाकीच्या बाजूचा होता, पण रुग्णच पुरेसे मिळाले नाहीत, ठाम काही म्हणता आलं नाही.

यावर माझं मत: जबड्यासाठी टाकी हा पहिला उपाय नाही. हाड कापून नवं बसवायचं मोठं ऑपरेशन असेल तर काही सर्जन सोबत टाकी देतात. पण नुसती टाकी लावून मेलेलं हाड जिवंत होत नाही. मेलेलं काढावंच लागतं.

कॅन्सर वाढेल का, या प्रश्नाला आजवरच्या आढाव्यांत तसा पुरावा सापडलेला नाही. मात्र आधी कुठली केमो झाली ते टाकीवाल्यांना सांगाच. ब्लिओमायसिन झालं असेल तर फुप्फुसाचा धोका असतो. आणि आत घालायच्या आधी बहुतेक ठिकाणी छातीचा एक्स-रे काढतात.

दंतकथा
किरणमास्तरांशी सहमत, थोडी भर. हाडाचा भाग लहान असेल, जबडा तुटलेला नसेल, गालातून बाहेर भोक पडलेलं नसेल, तर आज बरेच सर्जन आधी औषधं देऊन बघतात. पेंटॉक्सिफायलिन आणि सोबत ई जीवनसत्त्व. पहिलं रक्त बारीक वाहिन्यांतून सरकायला मदत करतं, दुसरं शेकाने आलेला ताठरपणा कमी करायला देतात. महिनोन्महिने घ्यावं लागतं. फ्रान्समध्ये यावर बरंच काम झालंय. टाकीच्या एका बैठकीच्या पैशात कित्येक दिवसांच्या गोळ्या येतात. पण स्वतः आणून सुरू करू नका, बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर घोटाळा होईल.

जबडा तुटला असेल तर गोष्ट वेगळी. मग पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड काढून जबड्यात बसवतात.

पैशांचं: जनआरोग्य योजनेत नेमकं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला लेखी विचारा. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

अकोल्याचा पाणबुड्या
दाखल्याचं खरं आहे. दाब झेलणं सोपं, सेतू केंद्रातली रांग झेलणं कठीण.

वावरवाला
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, सोयाबीनच्या बियाण्याच्या मागे होतो.

वर्ध्याकडे मोठ्या दवाखान्यात नेलं. बायोप्सी केली. नऊ दिवस रिपोर्टची वाट पाहिली, त्या नऊ दिवसांत आईने देवघरातला दिवा विझू दिला नाही. कॅन्सर नाही. मेलेलं हाड आणि जंतू.

स्कॅनमध्ये हाडाचा भाग अंगठ्याच्या नखाएवढा निघाला, जबडा अखंड आहे. तिथल्या सर्जन मॅडमला मी नागपूरची चिठ्ठी दाखवली आणि तुमच्याकडून शिकलेलं विचारलं, फ्रान्सचं, इंग्लंडचं. त्या जरा चमकल्या, म्हणाल्या, "कुठे वाचलंत?" मी म्हटलं, आमच्या गावच्या पारावर. टाकी आत्ता नको म्हणाल्या. डॉक्टरांनी इथे सांगितल्या त्याच दोन गोळ्या सहा महिने, तोंड धुवायचं औषध, दर पंधरवड्याला येऊन सैल झालेलं खरवडून घ्यायचं. सहा महिन्यांत पुढे सरकलं तर मोठ्या ऑपरेशनचं बोलू, तेव्हा टाकीचाही विचार करू.

बाबा खूश. डब्यात बसायचं टळलं म्हणून मॅडमला घरच्या तुरीची डाळ देणार आहेत.

सुईदोरा
नऊ दिवसांचं वाचून पोटात कालवलं. बरं झालं. आमच्या आईकडून बाबांना नमस्कार सांगा.

खट्याळ वऱ्हाडी
काकाजीले म्हणा, लिंबाखालची हवा चालूच ठेवजा, थे फुकट हाय.

वावरवाला
आज सकाळचं लिहितो. बाबा गुळण्या करत होते, मोरीत काहीतरी टणकन पडलं. पाहतो तर हाडाची कपची, तांदळाच्या चार दाण्यांएवढी, पिवळी, एका बाजूने कुरतडल्यासारखी. रक्त अगदी थोडं. बाबा घाबरले नाहीत, उलट म्हणाले, "निघाली एकदाची काडी." आई फेकून द्यायला निघाली होती. मी काडीपेटी रिकामी करून त्यात ठेवली आहे. जबडा तर तुटला नसेल ना?

दंतकथा
चावताना कटकट वाजत नसेल, दात पूर्वीसारखेच जुळत असतील, तर तुटलेला नसावा. मेलेला तुकडा असा आपोआप सुटून येतो, कधीकधी त्याखाली नवी कातडी धरलेली असते. तरी पंधरवड्याची वाट पाहू नका, उद्याच्या पहिल्या एस्टीने न्या. आणि कपची काडीपेटीत नको, सुकेल. मॅडमकडे फोन करून विचारा कशात घालून आणायची, त्या ती तपासायला पाठवतील.

वावरवाला
फोन केला. झाकणाची स्वच्छ बाटली म्हणाल्या, बाकीचं त्या बघतात. सकाळी सहाची गाडी आहे. बाबांनी डाळीची पिशवी आत्ताच दाराशी आणून ठेवली.